काणकोणचा ग्रॅनाइट आणि जोसचा ग्रॅनाइट : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर, ताळगाव

विषय आज मंजूर झाला. तात्पुरतं शीर्षक : 'काणकोण परिसरातील बायोटाइट ग्रॅनाइटचे वर्गीकरण आणि अल्कधर्मी संकुलांतील बायोटाइट ग्रॅनाइटशी तुलना'. प्रकल्प दोघींचा. फील्ड दोघींनी मिळून करायचं, सूक्ष्मदर्शकाचं काम माझ्याकडे, रासायनिक आकडे जमवणं मैत्रिणीकडे.

हा विषय माझ्या डोक्यात कसा आला ते इथे लिहून ठेवते. विभागाच्या संग्रहात दोन तुकडे शेजारी ठेवलेले आहेत. एक पाळोळ्याचा, म्हणजे गोव्यातल्या काणकोणच्या किनाऱ्यावरचा, दुसरा नायजेरियातल्या जोस पठाराचा. दोन्हींच्या चिठ्ठीवर 'बायोटाइट ग्रॅनाइट' एवढंच. दोन्हींत गुलाबी फेल्डस्पार, धुरकट क्वार्ट्झ आणि काळं अभ्रक, म्हणजे बायोटाइट. पण जोसचा खडक वलयाकार ज्वालामुखी संकुलातला, सोडियम-पोटॅशियमने समृद्ध, म्हणजे अल्कधर्मी, शिलारसातून थिजलेला, आणि त्याच्यामुळे त्या पठारावर कथिलाच्या खाणी चालल्या. पाळोळ्याचा खडक धारवाड क्रेटनचा (दक्षिण भारतातला भूकवचाचा प्राचीन, स्थिर गाभा), त्याच्याहून कितीतरी पटींनी जुना. एका नावाखाली दोन वेगळी कुळं नांदत असतील तर ते नाव अपुरं आहे, असं माझं म्हणणं आहे. ते खडकातूनच दाखवता आलं पाहिजे.

मार्गदर्शक मॅडमची एकच अट : आधी खडकाचं वर्णन, मग तुलना. तुलनेच्या घाईत आपला खडक नीट पाहायचा राहून जातो, असं त्या म्हणाल्या.

९ नोव्हेंबर

आजचा दिवस ग्रंथालयात. अल्कधर्मी संकुलांबद्दलच्या नोंदी.

अल्कधर्मी म्हटलं की आपल्याला नेफेलीन सायनाइट, कार्बोनेटाइट आठवतात, म्हणजे सिलिका कमी पडलेले खडक. पण कित्येक संकुलांत सिलिका भरपूर असते आणि ग्रॅनाइटच मुख्य खडक असतो. जोस पठाराचे 'यंगर ग्रॅनाइट' हे याचं ठळक उदाहरण. पन्नासहून अधिक संकुलं उत्तर-दक्षिण पट्ट्यात पसरलेली. वय उत्तरेकडे साधारण २१३ दशलक्ष वर्षं, दक्षिणेकडे उतरत साधारण १४१ दशलक्ष. 'यंगर' का, तर भोवतालचा जुना ग्रॅनाइट पॅन-आफ्रिकन काळातला, म्हणजे त्याच्या खूप आधीच्या पर्वतनिर्मितीतला आहे, म्हणून.

एका संकुलाची घडण साधारण अशी : आधी रायोलाइटचे (ग्रॅनाइटच्याच घडणीच्या लाव्हाचे) उद्रेक. मग जमिनीचा गोल तुकडा खाली खचतो आणि त्या वर्तुळाकार फटीत ग्रॅनाइट पॉर्फिरी शिरून वलयभित्ती तयार होते. त्यानंतर आत एकामागून एक ग्रॅनाइट येतात. काहींत फायलाइट आणि हेडनबर्गाइट ही लोहाची खनिजं, काहींत आर्फव्हेडसोनाइट किंवा रिबेकाइट हे निळे ॲम्फिबोल (लांबुडक्या गडद खनिजांचं एक कुळ), आणि काहींत फक्त बायोटाइट. क्षेत्रफळाने पाहिलं तर बायोटाइट ग्रॅनाइटच सर्वांत जास्त. म्हणजे ज्या संकुलाला आपण 'अल्कधर्मी' म्हणतो, त्याचा मोठा भाग प्रत्यक्षात अशा खडकाचा आहे ज्यात अल्कधर्मीपणाची ओळख पटवणारं निळं खनिज दिसतच नाही. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

दुसरीकडेही हेच. नॉर्वेच्या ओस्लो खचदरीत पर्मियन काळातले लार्व्हिकाइट, नॉर्डमार्काइट, एकेराइट आहेत (लार्व्हिकाइट म्हणजे तो निळसर चमकणारा दगड, जो इमारतींच्या दर्शनी भिंतींना लावतात), आणि त्यांच्याच शेजारी ड्रामेनचा मोठा बायोटाइट ग्रॅनाइट. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन मालिकेत सायनाइट आणि रिबेकाइट ग्रॅनाइटच्या जोडीला कॉनवे ग्रॅनाइट; तो बायोटाइटचा, आणि त्यातल्या थोरियमसाठी प्रसिद्ध. कोलोरॅडोच्या पाइक्स पीकचंही मुख्य अंग बायोटाइट ग्रॅनाइटचंच.

आपल्या देशात राजस्थानचा मालाणी समूह, वय साधारण ७५० दशलक्ष वर्षं. सिवाना इथे वलयाकार संकुल, रिबेकाइट-एगिरीनचा ग्रॅनाइट. आणि थोड्याच अंतरावर जालोर, जिथे बायोटाइट-हॉर्नब्लेंडचा ग्रॅनाइट. सिवाना आणि जालोर एकाच समूहात का बसतात, हे कळलं तर आमच्या प्रश्नाची निम्मी वाट सरेल.

१६ नोव्हेंबर, पाळोळे

सकाळी मडगावहून कदंब बसने काणकोण, चावडीवर उतरून पुढे चालत. ओहोटी गाठायची होती. पाळोळ्याच्या उत्तर टोकाला ओहोटीच्या वेळी बेटापर्यंत खडकांवरून जाता येतं आणि लाटांनी घासलेले खडक तिथे फार स्वच्छ दिसतात. जांभ्याचा थर नाही, माती नाही, शेवाळ फक्त पाण्याच्या रेषेपर्यंत. गोव्यात ताज्या ग्रॅनाइटचं असं दर्शन दुर्मीळ. बाकी बहुतेक ठिकाणी वर जांभा बसलेला.

खडक पॉर्फिरिटिक. फेल्डस्पारचे मोठे स्फटिक, बरेचसे बोटाच्या पेरापेक्षा लांब, काही अंगठ्याएवढे. रंग फिकट गुलाबी ते करडा. स्फटिकांच्या कडा सरळ, आणि उन्हात दगड फिरवला की अर्धा स्फटिक चमकतो नि अर्धा मंद राहतो. दोन स्फटिक असे जोडून वाढलेले असणं म्हणजे कार्ल्सबाड जुळं; ते लेन्सशिवायही कळतं. मधल्या जागेत क्वार्ट्झ, पांढरा प्लॅजिओक्लेज (सोडियम-कॅल्शियमचा फेल्डस्पार) आणि बायोटाइटचे पुंजके. बायोटाइट सुटंसुटं विखुरलेलं नाही, झुपक्यांनी आहे, आणि त्या झुपक्यांत हिरवट-काळे लांबुडके कण दिसतात. हॉर्नब्लेंड असावं; पक्कं स्लाइडवर, म्हणजे खडकाच्या पातळ पारदर्शक कापावर.

काही ठिकाणी मोठे स्फटिक एका दिशेने ओळीत मांडल्यासारखे आहेत. शिलारस वाहता असताना ते त्या दिशेला वळले की नंतरच्या दाबाने, हे ठरवायला क्वार्ट्झचे कण पाहावे लागतील. खडकात काळे, बारीक कणांचे गोलसर तुकडेही अडकलेले आहेत, आणि त्यातल्या एकाच्या आत मुख्य खडकाचा मोठा फेल्डस्पार शिरलेला आहे. म्हणजे दोन्ही द्रव्यं एकाच वेळी मऊ होती. फोटो काढले, पट्टी ठेवून.

किनाऱ्यावरच्या दर्शनी खडकावर हातोडी चालवायची नाही, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. लोक तिथे बसतात, होड्या लागतात, आणि तो खडक आमच्यानंतरही पाहायला मिळायला हवा. नमुने रस्त्याच्या कापातून आणि सुट्या कोनेदार दगडांतून घेतले. खडकावर मोजणी मात्र केली : चौकटी आखलेला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा दगडावर पसरायचा आणि प्रत्येक छेदबिंदूखाली काय आहे ते लिहायचं. एक होडीवाले काका बराच वेळ उभे राहून पाहत होते. "कितें मेजता गो?" सांगितलं, दगडातले पांढरे-तांबडे-काळे ठिपके. त्यांनी मग बेटाच्या पलीकडची एक जागा दाखवली, जिथे 'तांबडा फातर' जास्त आहे. जागा खरंच उपयोगी निघाली. तिथे पेग्मटाइटची (फार मोठ्या दाण्याच्या ग्रॅनाइटसारख्या खडकाची) शीर आहे.

१७ नोव्हेंबर, आगोंद

इथेही तोच खडक, पण मोठे स्फटिक कमी. वेळ कमी मिळाला, भरती लवकर चढली. दोन नमुने घेतले.

२५ नोव्हेंबर, प्रयोगशाळा

नमुने कापले. मोठ्या दाण्याच्या खडकाची अडचण आजच समोर आली. स्लाइडवर मावणारा तुकडा जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर रुंद. एक फेल्डस्पारच तीन सेंटिमीटरचा असेल तर सगळी स्लाइड त्यानेच भरते, आणि स्लाइडवरची मोजणी सांगणार की हा खडक म्हणजे निव्वळ फेल्डस्पार. म्हणून ठरलं : प्रमाणं काढायची ती खडकावरच्या चौकटींतून आणि मोठ्या कापलेल्या पाट्यांवरून, स्लाइड वापरायची खनिजांची ओळख, त्यांचं एकमेकांशी नातं आणि बारीक कणांसाठी.

स्लाइड घासताना बायोटाइट फार त्रास देतं. पापुद्रे सुटतात, कडेचे कण उपटून जातात आणि त्या जागी भोकं राहतात. प्रयोगशाळेतले काका यंत्रावर शेवटपर्यंत जाऊ देत नाहीत. जाडी ०.०३ मिलिमीटरच्या जवळ आली की काच हातात घेतात, काचपट्टीवर बारीक कार्बोरंडम पाण्यात कालवून बोटांच्या दाबाने, आठच्या आकड्यात फिरवत घासतात, आणि दर थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली क्वार्ट्झचा रंग पाहतात. पिवळा दिसला तर अजून जाड. करडा-पांढरा आला की हात थांबतो.

३ डिसेंबर

जुन्या गोव्याच्या फेस्ताची सुट्टी. घरी बसून बायोटाइटच्या रसायनावर वाचलं. हे नीट लिहून ठेवायला हवं, कारण इथे एक सोपं वाटणारं उत्तर अडवतं.

ते सोपं उत्तर असं : शिलारसात सोडियम आणि पोटॅशियम मिळून ॲल्युमिनियमपेक्षा जास्त असतील (रेणूंच्या हिशोबाने), तर सगळं ॲल्युमिनियम फेल्डस्पार बनवण्यात संपतं. उरलेलं सोडियम लोहाला धरून रिबेकाइट, आर्फव्हेडसोनाइट, एगिरीन बनवतं. असा खडक 'पेरअल्कलाइन'. ॲल्युमिनियम पुरेसं असेल तर बायोटाइट. म्हणजे बायोटाइट दिसलं की खडक पेरअल्कलाइन नाही.

पण लोहाने भरलेलं बायोटाइट, म्हणजे ॲनाइट, याच्या सूत्रात पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम एकास एक आहेत. पोटॅश फेल्डस्पारमध्येही एकास एकच. म्हणजे ॲनाइट बनायला फेल्डस्पारपेक्षा जास्त ॲल्युमिनियम लागत नाही! ॲल्युमिनियमची खरी चैन दाखवतात ते मस्कोव्हाइट (पांढरं अभ्रक), किंवा सिडेरोफिलाइटकडे झुकलेलं बायोटाइट. त्यामुळे 'बायोटाइट आहे' एवढ्यावरून ॲल्युमिनियमबद्दल फारसं काही सांगता येत नाही.

मग बायोटाइट कशाची साक्ष देतं? ॲनाइट मोडलं की पोटॅश फेल्डस्पार, मॅग्नेटाइट आणि हायड्रोजन मिळतो. ही अभिक्रिया युगस्टर आणि वोन्स यांनी १९६२ मध्ये प्रयोगाने तपासली. तिचा तोल पाण्यावर आणि ऑक्सिजनच्या उपलब्धतेवर झुकतो. कोरड्या शिलारसात लोह फायलाइटमध्ये जातं. पाणी साचत गेलं की बायोटाइट स्थिर होतं. जोसच्या संकुलांत फायलाइटचे ग्रॅनाइट आधीचे आणि बायोटाइटचे नंतरचे का, याचं निदान एक कारण इथे सापडतं. बायोटाइट म्हणजे शिलारसाच्या पाण्याचा आणि लोहाच्या अवस्थेचा हिशोब.

८ डिसेंबर

जोसची स्लाइड पाहिली. दिवसभर तीच.

पहिली गोष्ट बायोटाइटचा रंग. पाळोळ्याचं बायोटाइट गवती पिवळ्यापासून तपकिरी होतं. जोसचं फिरवलं की फिकट पिवळ्यापासून जवळजवळ काळं. काही कणांत प्रकाश जातच नाही. लोहाचं प्रमाण जास्त असल्याची ही ढोबळ खूण. त्यात झिरकॉनचे बारीक कण आणि प्रत्येकाभोवती काळसर वलय, किरणोत्सर्गाने भाजलेलं. फ्लुओराइट आहे, मधल्या फटींत, जांभळ्या डागांचं. क्वार्ट्झ गोलसर, पुंजक्यांत.

पण मी सर्वांत जास्त वेळ फेल्डस्पारवर घालवला. बहुतेक फेल्डस्पार पर्थाइट, म्हणजे पोटॅश फेल्डस्पारमध्ये अल्बाइटच्या (सोडियमच्या फेल्डस्पारच्या) नागमोडी शिरा. तापमान जास्त आणि पाणी कमी असताना एकच मिश्र फेल्डस्पार स्फटिकतो आणि थंड होताना आतल्या आत दोन भागांत फुटतो. टटल आणि बोवेन यांनी १९५८ मध्ये अशा ग्रॅनाइटला 'हायपरसॉल्व्हस' नाव दिलं. दोन फेल्डस्पार सुरुवातीपासून वेगवेगळे वाढले तर 'सबसॉल्व्हस'. या स्लाइडमध्ये दोन्हींची सरमिसळ आहे : पर्थाइटचे मोठे कण आणि त्यांच्या कडांना सुट्या अल्बाइटच्या लहान पट्ट्या. शेवटी शेवटी पाणी वाढलं, असं त्या कडा सांगतात.

पाळोळ्याच्या स्लाइडमध्ये सूक्ष्मरेषांची जाळी असलेला मायक्रोक्लिन (पोटॅश फेल्डस्पारचा एक प्रकार) वेगळा आणि प्लॅजिओक्लेज वेगळा. सरळ सबसॉल्व्हस.

१४ डिसेंबर

आज मैत्रिणीशी बराच वाद झाला आणि तो कामाचा झाला.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरण स्ट्रेकायझेनच्या क्यूएपीएफ चौकटीचं आहे. काळी खनिजं बाजूला ठेवून क्वार्ट्झ, अल्कली फेल्डस्पार आणि प्लॅजिओक्लेज यांची बेरीज १०० धरायची. क्वार्ट्झ २० ते ६०, आणि एकूण फेल्डस्पारपैकी प्लॅजिओक्लेज १० ते ६५ टक्के असला की ग्रॅनाइट. ३५ पर्यंत सायनोग्रॅनाइट, पुढे मॉन्झोग्रॅनाइट. १० टक्क्यांच्या खाली गेला की 'अल्कली फेल्डस्पार ग्रॅनाइट'.

तिचं म्हणणं : जोसच्या स्लाइडमध्ये जुळ्या पट्ट्यांचा प्लॅजिओक्लेज भरपूर दिसतो, म्हणजे तो साधा ग्रॅनाइट. माझं म्हणणं : तो प्लॅजिओक्लेज नुसता अल्बाइट असेल, ॲनॉर्थाइट (कॅल्शियमचा घटक) ५ टक्क्यांहून कमी, तर नियमानुसार तो अल्कली फेल्डस्पारमध्ये मोजायचा. मग तोच खडक दुसऱ्या घरात जातो. खडक बदलत नाही, कण बदलत नाहीत. फक्त त्या पट्ट्यांत कॅल्शियम किती, एवढ्यावर नाव ठरतं.

मॅडमनी वाद न सोडवता सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला. जुळ्यांच्या विलोपन कोनाने (कण फिरवताना तो काळा पडतो तो कोन) भागत नाही, कारण साधारण १५ ते २० अंशांचा कोन अल्बाइटलाही येतो आणि अँडेसिन या जास्त कॅल्शियमच्या प्लॅजिओक्लेजलाही. मग बेके रेषा. कण क्वार्ट्झला टेकलेला शोधायचा, झडप बारीक करायची, नळी किंचित वर उचलायची आणि उजळ रेषा कुणाकडे सरकते ते पाहायचं; ती जास्त अपवर्तनांकाकडे जाते. अल्बाइटचा अपवर्तनांक १.५३ च्या आसपास, क्वार्ट्झचा १.५४४ च्या वर. रेषा प्रत्येक वेळी ठळकपणे क्वार्ट्झमध्ये गेली. भोवतालच्या बाल्समच्या (स्लाइड चिकटवायच्या राळेच्या) तुलनेतही कणाचा अपवर्तनांक कमी. अल्बाइटच.

तेव्हा जोसच्या आमच्या स्लाइडचं पूर्ण नाव 'बायोटाइट अल्कली फेल्डस्पार ग्रॅनाइट'. लांबलचक आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द कमावलेला आहे.

पाळोळ्याच्या प्लॅजिओक्लेजवर तीच चाचणी केली. रेषा कधी स्पष्ट, कधी जेमतेम सरकते. अपवर्तनांक क्वार्ट्झच्या जवळचा, म्हणजे ऑलिगोक्लेजच्या (थोडं कॅल्शियम असलेल्या प्लॅजिओक्लेजच्या) बाजूचा. हा प्लॅजिओक्लेज म्हणूनच मोजला जाणार.

१९ डिसेंबर

मुक्तिदिन, प्रयोगशाळा बंद. मैत्रिणीने फोनवर एक चांगला मुद्दा काढला : नायजेरियात अल्बाइट वाढलेल्या बायोटाइट ग्रॅनाइटमध्ये कोलंबाइट सापडतं, तर अल्बाइट वाढलेल्या पेरअल्कलाइन ग्रॅनाइटमध्ये पायरोक्लोर. दोन्ही नायोबियमचीच खनिजं. म्हणजे कुळ एक, पण घर वेगळं, आणि धातू त्या घराप्रमाणे वेगळं खनिज निवडतो. खाणीच्या दृष्टीने 'बायोटाइट' आणि 'रिबेकाइट' हा फरक किती खोल आहे ते यातून दिसतं. अहवालात घ्यायचं.

४ जानेवारी

पाट्या रंगवल्या. हायड्रोफ्लुओरिक आम्लाचं काम असल्यामुळे आम्ही फक्त काचेआडून पाहिलं. आम्ल मॅडमनीच हाताळलं, जाड हातमोजे घालून, कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम शेजारी ठेवून. हे आम्ल हाडांपर्यंत जातं, त्यामुळे त्याबाबत कुठलीही सवलत नाही. आम्लाने पृष्ठभाग खाल्ला की सोडियम कोबाल्टिनायट्राइटच्या द्रावणात पाटी बुडवायची. पोटॅश फेल्डस्पार गडद पिवळा होतो, प्लॅजिओक्लेज खडूसारखा पांढरा राहतो, क्वार्ट्झ काचेसारखा करडा.

पाटी पाण्याखाली धुऊन वर काढली तेव्हा खडकाची सगळी मांडणी एका नजरेत समोर आली. पिवळ्या मोठ्या स्फटिकांच्या आत पांढऱ्या प्लॅजिओक्लेजचे लहान कण कडांना समांतर ओळींत अडकलेले. स्फटिक वाढत असताना ते त्याच्या अंगाला चिकटत गेले. दोन-तीन पिवळ्या स्फटिकांभोवती तुटक पांढरी कड. एवढ्यावरून रापाकिवी (प्लॅजिओक्लेजची कड असलेल्या पोटॅश फेल्डस्पारचा ग्रॅनाइट) हा शब्द मी वापरणार नाही. कड पूर्ण आणि सर्रास असायला हवी.

खडकावरची मोजणी आणि पाट्यांवरची मोजणी एकाच बाजूला बोट दाखवतात : क्यूएपीएफमध्ये ग्रॅनाइटचं घर, अल्कली फेल्डस्पार ग्रॅनाइटच्या रेषेपासून बराच आत.

११ जानेवारी

काणकोणच्या स्लाइडचं वर्णन पूर्ण. मायक्रोक्लिन, क्वार्ट्झ, ऑलिगोक्लेज, बायोटाइट, थोडं हिरवं हॉर्नब्लेंड. सोबत स्फीनचे पाचरीच्या आकाराचे कण, ॲपेटाइट, झिरकॉन, मॅग्नेटाइट. भुकटीतून चुंबक फिरवला की काळी दाढी उगवते. निळं ॲम्फिबोल कुठेही नाही, फ्लुओराइट नाही. मस्कोव्हाइट फक्त प्लॅजिओक्लेजच्या आतल्या बारीक बदलात, स्वतंत्र कण नाहीत.

हॉर्नब्लेंड बायोटाइटपेक्षा कमी. नियम असा की कमी असलेलं खनिज आधी लिहायचं. म्हणजे 'हॉर्नब्लेंड-बायोटाइट ग्रॅनाइट'.

हॉर्नब्लेंड आणि स्फीन एकत्र म्हणजे कॅल्शियम शिल्लक होतं, ॲल्युमिनियम ना फार जास्त ना कमी. ॲल्युमिनियमच्या प्रमाणावरून वर्ग पाडणाऱ्या शँडच्या भाषेत मेटाॲल्युमिनस असण्याची अपेक्षा. शिक्का रसायन आल्यावर.

२० जानेवारी

विभागात छोटं सादरीकरण. सर्वांत चांगला प्रश्न शेवटच्या बाकावरून आला : काणकोणचा ग्रॅनाइट पोटॅशने भरलेला आहे, मग तो ए-प्रकारचा का नाही?

ए-प्रकार ही संज्ञा लोइझेल आणि वोन्स यांनी १९७९ मध्ये मांडली. पर्वतनिर्मितीशी संबंध नसलेला, अल्कधर्मी, कोरडा. व्हेलन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तिला रासायनिक कसोटी दिली : गॅलियम आणि ॲल्युमिनियमचं गुणोत्तर दहा हजाराने गुणून २.६ च्या वर, आणि झिरकोनियम, नायोबियम, सेरियम, इट्रियम मिळून ३५० पीपीएमच्या वर. ईबीने १९९२ मध्ये त्याचे पुन्हा दोन भाग पाडले, इट्रियम-नायोबियम गुणोत्तर १.२ च्या अलीकडे ए-१ आणि पलीकडे ए-२. पहिला पृथ्वीच्या आवरणातून (कवचाखालच्या थरातून) आलेला, दुसरा कवचाशी जास्त नातं असलेला.

मी उत्तर दिलं ते असं. पोटॅश जास्त असणं वेगळं आणि अल्कधर्मी असणं वेगळं. अल्कधर्मीपणा ॲल्युमिनियमच्या तुलनेत मोजतात, नुसत्या टक्केवारीने नाही. गॅलियम, झिरकोनियमचे आकडे हातात नसताना आम्ही ए-प्रकार आहे असंही म्हणणार नाही आणि नाही असंही. पण बायोटाइटकडून एक साक्ष काढता येते. अब्देल-रहमान यांनी १९९४ मध्ये जगभरच्या बायोटाइटची तुलना केली : लोह ऑक्साइड आणि मॅग्नेशियम ऑक्साइडचं सरासरी गुणोत्तर अल्कधर्मी खडकांत ७.०४, जास्त ॲल्युमिनियमच्या ग्रॅनाइटमध्ये ३.४८ आणि कॅल्क-अल्कलाइन (पर्वतनिर्मितीच्या पट्ट्यांतल्या) मालिकेत १.७६. एकाच खनिजात एवढा फरक! म्हणून आमच्या बायोटाइटचं सूक्ष्म विश्लेषण आधी करायचं, संपूर्ण खडकाचं नंतर.

मागाहून मॅडम म्हणाल्या, "उत्तर बरोबर, पण शेजारी कोण आहेत ते विसरू नकोस." त्यावर पुढची फेरी.

२ फेब्रुवारी, काणकोण

शेजारी पाहायला पुन्हा फील्ड. आज पाळोळे-पाटण्यापासून आतल्या बाजूला. ग्रॅनाइटच्या आसपास नाइस हा पट्टेदार रूपांतरित खडक, आत पेग्मटाइटच्या शिरा, आणि काळ्या डोलेराइटच्या भित्ती ज्या सगळ्यांना कापत जातात. शोध होता तो सायनाइटचा, रायोलाइटचा, वलयभित्तीचा. यातलं एकही आमच्या वाटेवर आलं नाही.

हा मुद्दा मला स्लाइडइतकाच वजनदार वाटतो. जोसचा बायोटाइट ग्रॅनाइट अल्कधर्मी संकुलाचा आहे हे त्याच्या एकट्या तुकड्यातून पूर्ण ठरत नाही. त्याच वलयात फायलाइट ग्रॅनाइट आहे, निळ्या ॲम्फिबोलचा ग्रॅनाइट आहे, वर रायोलाइट आहे, म्हणून ठरतं. जालोर-सिवानाचंही तसंच. त्या शिलारसातून बायोटाइटचा फाटा का फुटला याची कारणं वेगवेगळी मांडली जातात : वाटेत कवचाचा भाग वितळून मिसळला, किंवा शेवटच्या पाण्याबरोबर सोडियम निघून गेलं, किंवा स्फटिक वेगळे होत गेल्याने तोल बदलला. एका संकुलात एक, दुसऱ्यात दुसरं, किंवा सगळी थोडी थोडी. पण प्रत्येक वेळी आधाराला शेजारचे खडक लागतात.

काणकोणच्या ग्रॅनाइटच्या वयाचाही प्रश्न आहे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेलं रुबिडियम-स्ट्रॉन्शियम वय २३९५ दशलक्ष वर्षं, त्रुटी अधिक-उणे ३९०. एवढ्या रुंद पट्ट्यात आर्कियन या प्राचीन महायुगाचा शेवटही बसतो आणि त्यानंतरच्या प्रोटेरोझोइकचा आरंभही. पर्वतनिर्मितीच्या ओघात आलेला की ती सरल्यावर आलेला, हे या आकड्यावरून ठरवणं योग्य नाही. झिरकॉन आहेत, चांगले आहेत. कुणीतरी त्यांवर युरेनियम-शिसे पद्धतीने काम करावं, अशी शिफारस अहवालात ठामपणे करणार.

परतताना चावडीवर भजी-पाव खाल्ला. बसमध्ये मैत्रिणीने नकाशाच्या सूचीचा मसुदा लिहायला घेतला.

१२ फेब्रुवारी

मसुद्यातला शब्दप्रयोग ठरला. काणकोणसाठी : 'पॉर्फिरिटिक हॉर्नब्लेंड-बायोटाइट ग्रॅनाइट, सबसॉल्व्हस, मॅग्नेटाइटयुक्त, अल्कधर्मी संकुलाशी संबंध दाखवणारे सहचर खडक आढळले नाहीत, रासायनिक प्रकार प्रलंबित'. जोसच्या तुकड्यासाठी : 'बायोटाइट अल्कली फेल्डस्पार ग्रॅनाइट, मुख्यतः हायपरसॉल्व्हस, फ्लुओराइटयुक्त, यंगर ग्रॅनाइट संकुलातील'. संग्रहातल्या दोन्ही चिठ्ठ्या बदलायला मॅडमनी होकार दिला. जुन्या चिठ्ठ्या फेकायच्या नाहीत, नव्यांच्या मागे चिकटवायच्या.

तक्त्याची रचनाही बदलली. पहिला रकाना खनिजांची नावं असा होता. आता पहिला रकाना फेल्डस्पारची जात, दुसरा बायोटाइटचा लोह-मॅग्नेशियम, तिसरा सहचर खडक, आणि 'बायोटाइट आहे का' हा रकाना सर्वांत शेवटी.

सूक्ष्म विश्लेषणासाठी पाळोळ्याच्या दोन आणि आगोंदची एक अशा तीन स्लाइड पॉलिश करून ठेवल्या. प्रत्येकीवर बायोटाइटचे ताजे कण शाईने गोल केले आहेत, क्लोराइट झालेले कण वगळून. कार्बनचा मुलामा चढवायला उद्या द्यायच्या.

संपूर्ण खडकाच्या विश्लेषणासाठी भुकटी करताना एक काळजी : मोठे स्फटिक असल्यामुळे नमुना निदान पाच किलोचा हवा, नाहीतर एका फेल्डस्पारने पोटॅशचा आकडा फुगेल. आगोंदचा नमुना त्या मानाने लहान आहे. पुढच्या ओहोटीला पुन्हा जावं लागेल. मैत्रिणीने शनिवार सांगितला आहे.